मरिमोंडांच्या गर्दीतला पासवर्ड

माझा मॅनाटी मला मुरियो रस्त्यावर बसच्या खिडकीतून दिसला. चार मजल्यांच्या इमारतीएवढा. एक डोळा मिटलेला, एक उघडा, गालांवर निळ्या लाटा, केरसुणीसारख्या मिशा आणि हातात, म्हणजे वल्ह्यासारख्या त्या पंजात, शीतपेयाचा गार डबा. खाली लिहिलं होतं, ‘कार्निव्हल प्या!’

मी ओरडले, “थांबवा!” ड्रायव्हरला वाटलं, पाकीट मारलं. खरं तर तसंच झालं होतं.

मी बॅरांकिया शहराजवळच्या गालापाची. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस मुखवटे कोरतो. माझे बाबा एवारिस्तो बारासा वाघ आणि बैल कोरतात, आजोबाही तेच कोरायचे. मी तीन वर्षांपूर्वी मॅनाटी कोरला, नदीतली ती लठ्ठ, मिशाळ पाणगाय. तिचा मुखवटा तोवर कुणी केला नव्हता. बाबा म्हणाले होते, “आरेलिस, हे घालून नाचणार कोण? झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखं दिसतंय.” पण त्या वर्षी एका नाचाच्या मेळ्याने मी केलेले मुखवटे सगळेच्या सगळे उचलले आणि बाबा गप्प झाले. आणि आता हा. पोस्टरच्या कोपऱ्यात जाहिरात कंपनीचं नाव होतं, ‘ब्रिसा अल्ता’. माझं नाव कुठेच नव्हतं.

भर उन्हात उभी राहून मी फोन लावला. तिथल्या मुख्य साहेबांनी घेतला, मौरिसियो नावाचे. बोलण्यावरून पक्के राजधानीचे, बोगोटाकर, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.

“बाई, ते चित्र कुणी काढलेलंच नाही,” ते म्हणाले. “एआयने काढलंय. आता मशीनवर दावा लावणार का?” आणि हसले.

ते हसणं कानात घेऊन मी घरी आले. रागाच्या भरात मीही फोनमधल्या एआयला सांगितलं, ‘ह्या गाढवांना एक पत्र लिहून दे,’ आणि गाढवांच्या पुढेमागे आणखी बरंच काही जोडलं. त्याने इतकं नम्र पत्र लिहून दिलं की माझा राग दुप्पट झाला. सकाळी उठून मी नुरिसकडे गेले.

नुरिस एस्कोर्सिया माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसायची. आता दिवाणी वकील आहे, बॅरांकियात औषधाच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. तिने फोटो पाहिले, माझा मुखवटा पाहिला, पंखा वाढवला.

“चोरी तर आंधळ्यालाही दिसेल,” ती म्हणाली. “पण कोर्टात ते म्हणतील, योगायोग. मशीनच्या डोक्यात आलं. म्हणून आपल्याला चित्र नकोय, संभाषण हवंय. मशीनला त्यांनी काय सांगितलं, कुठला फोटो दिला, त्याने काय काढून दिलं, मग हे काय म्हणाले. सगळं, जसंच्या तसं.”

“मग माग ना त्यांच्याकडे.”

“मागितलं की पुसतील. एका बटणाचं काम आहे.”

“पुसलं तर पुन्हा तेच विचारून बघू मशीनला.”

“अगं, तिथेच तर गंमत आहे. तेच वाक्य दहादा विचार, दहा वेगळी चित्रं देतं ते. त्या दिवशी जे झालं, ते एकदाच झालं. ते गेलं की गेलं.”

मग तिने मला रेडिओवरची एक मुलाखत ऐकवली. मौरिसियोसाहेब फुशारकी मारत होते, कार्निव्हलच्या राणीने जाहीरनामा वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही हे पोस्टर एका दुपारात केलं, कसलं मशीन, कसलं मशीन! आणि त्या एआय कंपनीच्या अटी नुरिसने रात्रभर वाचून काढल्या होत्या. संभाषणाला महिना झाला की ते आपोआप कायमचं नष्ट. तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं. महिना कार्निव्हलच्या शनिवारी भरत होता.

“म्हणजे शुक्रवारपर्यंत,” ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते, जसे शाळेत परीक्षेआधी चमकायचे. “शनिवारी या शहरात न्यायाधीश सोड, साधा शिपाई सापडणार नाही.”

तेवढ्यात तिला काही आठवलं. “तू नाही ना काही विचारलंस एआयला?”

मी फोन दाखवला. तिने वाचलं. भुवया केसांत गेल्या.

“पुसते,” मी म्हणाले.

तिने माझं मनगट धरलं. “एक अक्षर पुसायचं नाही! त्यांना आपण जपा म्हणायचं आणि आपलं पुसायचं? न्यायाधीशबाई मला खिडकीतून बाहेर फेकतील.”

“अगं, पण त्यात त्या साहेबाच्या आईबद्दल…”

“आईसकट जपायचं.”

दावा लावायच्या आधीच पुरावा जपून ठेवायचा, आणि तोही समोरच्याला न कळवता, अशी सोय कायद्यात आहे. नुरिसने तो अर्ज टाकला. अर्ज गेला लिगिया मानोतास बाईंकडे. त्यांच्या कोर्टात पंखासुद्धा आवाज न करता फिरतो म्हणतात. बाईंनी एकच प्रश्न विचारला, “न कळवता का?” नुरिस म्हणाली, “कारण कळवायला जेवढा वेळ लागतो, बाईसाहेब, त्याच्याहून कमी वेळ पुसायला लागतो.” बाईंनी शुक्रवारची दुपार दिली.

त्या शुक्रवारी बॅरांकियात कुणाचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. पोरंसोरं एकमेकांना मक्याचं पीठ फासत होती, चौकाचौकात ढोल आणि बासऱ्या. आम्ही दोन टॅक्सीत निघालो. पुढच्या टॅक्सीत बाईसाहेब आणि त्यांचा कारकून, मागच्या टॅक्सीत नुरिस, मी आणि कोर्टाने नेमलेले संगणकतज्ज्ञ एउदेस चारिस. एउदेस शिडशिडीत माणूस, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी, जशी काही अंड्यांची टोपली. वाहतूक ठप्प होती.

ऑफिसात पार्टी चालू होती. बाईसाहेब दारात उभ्या राहिल्या, केसांत लाल फूल, हातात कोर्टाचा आदेश. आधी लोकांना वाटलं, सोंग आहे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. बाईंनी आदेश वाचायला सुरुवात केली, तसं गाणं बंद झालं.

मौरिसियोसाहेब पुढे आले, रेशमी शर्ट, तोंडावर गोड हसू. “बाईसाहेब, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? दायरो, दाखव रे.”

दायरो हा त्यांचा चित्रकार. चाळिशीचा, टक्कल पडलेलं, खाली मान घालून बसलेला. त्याने आपलं खातं उघडलं. एउदेसने कॅमेरा लावला. संभाषणांची यादी रिकामी होती. एक ओळ नाही.

“मी साफ करत असतो,” दायरो पुटपुटला. “साहेबांनी सांगितलंय.”

मौरिसियो म्हणाले, “पण हरकत काय? पुन्हा विचारून दाखवतो, बाईसाहेब. तुम्हीच बघा मशीन काय काढतं ते.” आणि स्वतः टाइप केलं, ‘कार्निव्हलसाठी मॅनाटीचा मुखवटा’.

मशीनने एक मॅनाटी काढला, गुलाबी, दात असलेला. पुन्हा विचारलं, तर हिरवा, डोक्यावर मुकुट. तिसरा तर चक्क सील. एकालाही मिटलेला डोळा नव्हता. मौरिसियोंचं हसू थोडं आंबलं.

“हे मशीन आज काय करतं ते झालं,” बाईसाहेब म्हणाल्या. “मला त्या दिवशीचं हवंय. एउदेस?”

एउदेस घसा खाकरून म्हणाले, “बाईसाहेब, हे कंपनीचं सामाईक खातं आहे. यांनी आपल्या बाजूने पुसलं, तरी खात्याच्या प्रमुखाला महिनाभर ते दिसत राहतं. प्रमुखाच्या पासवर्डने आत गेलो तर जतन करता येईल. प्रमुख कोण?”

सगळे मौरिसियोंकडे बघू लागले. मग दायरोच बोलला, “पिएदाद मॅडम.”

पिएदाद रोंकायो म्हणजे कंपनीच्या अर्ध्या मालकीणबाई. “त्या सुट्टीवर आहेत,” मौरिसियो घाईने म्हणाले.

“सुट्टीवर कसल्या,” दायरो म्हणाला. त्याला एकदम कंठ फुटला होता. “खाली कोपऱ्यावर नाचतायत. मरिमोंडांच्या मेळ्यात.”

एउदेसने घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “एक गोष्ट आहे. महिना उद्या भरतो, पण मशीनचं घड्याळ बॅरांकियाचं नाही. तिकडे उद्या सुरू होतो आपल्या संध्याकाळी सातला.”

साडेपाच वाजून गेले होते.

आम्ही जिन्यावरून धावलो. खरंच धावलो, बाईसाहेबसुद्धा, एका हाताने फूल धरून. कोपऱ्यावर पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. पन्नासेक मरिमोंडा, आमच्या कार्निव्हलचं जुनं सोंग. सगळ्यांच्या तोंडावर तेच कापडी सोंडेचं बोचकं, तेच भले मोठे कान, तोच उलटा घातलेला कोट, आणि प्रत्येकाच्या तोंडात पिपाणी. दायरोने पिएदादबाईंना फोन लावला. त्या गोंगाटात तोफ उडाली असती तरी कळलं नसतं.

मेळ्याबरोबर भोंग्यांची गाडी होती. बाईसाहेब तिच्या पायरीवर चढल्या आणि गाणं लावणाऱ्याच्या हातातून माईक घेतला.

“पिएदाद रोंकायो! मी दिवाणी न्यायाधीश लिगिया मानोतास. असाल तिथून पुढे या!”

पिपाण्या थांबल्या. मग एका मरिमोंडाने हात वर केला, “मीच पिएदाद!”

“खोटं बोलतेय, बाईसाहेब, मी पिएदाद!”

“मला न्या! मला न्या! बायकोपासून सुटका होईल!” हा तर घोगरा पुरुषी आवाज.

बघता बघता सगळेच पिएदाद झाले. एकाने गुडघे टेकून बेड्यांसाठी मनगटं पुढे केली. बाकीचे सोंडा हलवत बाईसाहेबांभोवती फेर धरून नाचू लागले. नुरिस किंचाळत होती, “अहो, खरंच कोर्टाचं काम आहे!” आणि ते तिला म्हणत होते, “आमचंही खरंच आहे!” मला रडू येत होतं आणि हसूही. बाईसाहेबांनी ओठ घट्ट दाबून धरले होते, पण खांदे हलत होते.

“हे बघा,” त्या माईकवर म्हणाल्या, “मौरिसियो साहेबांच्या ऑफिसातल्या कामासाठी आलेय मी!”

त्यावर बदामाच्या झाडाखाली पाणी पीत बसलेल्या एका मरिमोंडाने सोंड वर केली. आतून घामाने थबथबलेला, साठीचा, चिडलेला चेहरा बाहेर आला.

“मौरिसियोने आता काय करून ठेवलं?” पिएदादबाई म्हणाल्या.

वाटेत नुरिसने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तो मुखवटा तुझा?” मी मान हलवली. “मला म्हणाला, मशीनचा,” एवढंच त्या बोलल्या आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या. कान उडत होते.

त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मौरिसियो म्हणाले, “पिएदाद, आपल्या वकिलांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.”

“जरूर बोलवा त्यांना,” बाईसाहेब म्हणाल्या. “तोवर यांची बोटं चालू राहतील. आदेशात तसंच लिहिलंय.”

पहिला पासवर्ड चुकला. दुसराही चुकला. एउदेस म्हणाले, “जपून, मॅडम. तिसऱ्यानंतर खातं बंद होतं.” पिएदादबाईंनी डोळे मिटले, काहीतरी मोजल्यासारखं केलं, हाताचा घाम उलट्या कोटाला पुसला आणि एकेक अक्षर दाबलं. नुरिसची नखं माझ्या दंडात रुतली होती.

दार उघडलं. म्हणजे स्क्रीन उघडला, पण आम्ही सगळे असे पुढे झुकलो, जणू दारच.

त्या दिवसाच्या संभाषणांची लांब यादी होती, प्रत्येकापुढे लाल अक्षरांत ‘लवकरच नष्ट होईल’. एउदेस एकेक ओळ खाली सरकत होते, कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून सगळं टिपत होता. सातला थोडाच वेळ उरला होता. आणि मग दिसलं, ‘मॅनाटी, पोस्टर’. त्यांनी त्यापुढचं ‘जतन’ दाबलं. लाल अक्षरं हिरवी झाली. लगेच त्यांनी सगळं संभाषण, चित्रं आणि दिलेल्या फोटोंसकट एका फाइलमध्ये उतरवून घेतलं आणि त्या फाइलचा ठसा काढला. ठसा म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक माळ. फाइलमध्ये पुढे कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ही माळ बदलते. एउदेसने ती मोठ्याने वाचली, कारकुनाने लिहून घेतली, दायरो आणि पिएदादबाईंनी तपासली.

सात वाजले. स्क्रीन आपोआप ताजा झाला आणि ती लांब यादी आमच्या डोळ्यांसमोर विरून गेली. महिन्यापूर्वीची एका दिवसाची सगळी बडबड, चहाच्या जाहिराती, साबणाच्या घोषणा, सगळं गेलं. पांढऱ्या स्क्रीनवर एकच हिरवी ओळ उरली. माझी.

मी नुरिसला अशी मिठी मारली की तिचा चष्मा पडला. पिएदादबाईंनी पिपाणी फुंकली. बाईसाहेब म्हणाल्या, “शांतता,” पण त्यात दम नव्हता.

मग त्यांनी संभाषण वाचायला घेतलं. वर माझ्या मुखवट्याचा फोटो होता, गालापाच्या जत्रेत कुणीतरी काढलेला. खाली दायरोने लिहिलं होतं, ‘ह्याच्यासारखा मॅनाटी काढ, हातात डबा.’ मशीनने काढला. मग, ‘साहेब म्हणतात, डोळे तसेच ठेव, कान बदल, म्हणजे ती बाई काही म्हणू शकणार नाही.’ मशीनने कान बदलले. आणि त्याखाली दायरोने आणखी एक ओळ लिहिली होती. कामाची नव्हती ती.

‘हा मुखवटा गालापाच्या आरेलिस बारासाचा आहे. मला बरं वाटत नाहीये. तिला विचारायला हवं ना?’

मशीनचं उत्तर होतं, ‘हो. मूळ कलाकाराची परवानगी घेणं योग्य ठरेल. हवं तर तिला पाठवायला एक निरोप लिहून देऊ का?’

त्याखाली शेवटची ओळ, ‘साहेब नको म्हणाले. पुढचं काढ.’

खिडकीतून ढोल ऐकू येत होते. मौरिसियोसाहेब रेशमी शर्टाचं बटण फिरवत होते. दायरोने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “मी विचारलं होतं,” तो म्हणाला. “पण तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मशीनला का विचारलंत?” मी विचारलं.

“ते ओरडत नाही ना.”

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. त्या क्षणी कुठली जास्त होती, ते आजही सांगता यायचं नाही.

कार्निव्हल संपल्यावर नुरिसने दावा लावला. त्यांच्या वकिलाने पहिल्या तारखेला उभं राहून सांगितलं की आजकाल काहीही बनवता येतं, ही फाइलसुद्धा बनवलेली असू शकते. एउदेसने भर कोर्टात कोर्टाच्या संगणकावर पुन्हा ठसा काढला. कारकुनाने मूळ कागद काढून एकेक अक्षर ताडून पाहिलं. सगळं जुळलं. मग त्या वकिलाने माझा फोन मागितला, आणि मी एआयला लिहिलेलं गाढवांचं प्रकरण, आईसकट, जपलेलं असल्यामुळे तेही वाचलं गेलं. बाबा मागच्या बाकावर बसले होते. ते ऐकून ते इतके हसले की पट्टेवाल्याने त्यांना बाहेर नेऊन बसवलं. दाव्याचे न्यायाधीश दुसरेच होते, ते म्हणाले, यातून आरेलिसबाईंचा राग सिद्ध होतो, आणखी काही नाही.

दुसऱ्या तारखेआधीच पिएदादबाईंनी समझोत्याचा निरोप पाठवला. मौरिसियोशी त्यांची भागीदारी तोवर मोडली होती, ते बोगोटाला परत गेले. समझोत्यात भरपाई होती, माफी होती, आणि एक अट मी स्वतः घातली होती. तीच मला सगळ्यात हवी होती. पुढच्या वर्षी तोच मॅनाटी पुन्हा लागेल, पण ह्या वेळी मी रंगवलेला.

तो मी जानेवारीत रंगवला. महिनाभर घरात निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं, बाबांच्या बैलांनाही कुठे कुठे निळे डाग लागले. लावायच्या दिवशी आम्ही सगळे, नुरिससुद्धा, चुलतभावाच्या गाडीतून मुरियो रस्त्यावर गेलो. माणसं दोर ओढत होती, पोस्टर उलगडत वर चढत होतं, आधी तो मिटलेला डोळा, मग गाल, मग मिशा. खालच्या काठावर अक्षरं आली, ‘मुखवटा आणि चित्र: आरेलिस बारासा, गालापा.’

बाबांनी डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ पाहिलं. मग गाडीच्या टपावर थाप मारून रस्त्याने जाणाऱ्या, ओळख ना पाळख अशा एका माणसाला म्हणाले, “अहो, थांबा जरा! वर बघा. ती माझी पोरगी आहे.”